छोटं विमान, तीन शहरं, १९० मैल : 'क्रॉस-कंट्री'ला निघण्याआधी पायलट काय काय ठरवतो?

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. तेव्हापासून बेलपाडा, खारघर, उलवे या पट्ट्यात मान वर करून विमान बघणं आणि त्याचा रील टाकणं हा रोजचा उद्योग झालाय. त्या रील्सखाली एक प्रश्न हमखास दिसतो : एअरलाइनमध्ये नोकरी नाही करायची, पण स्वतः विमान चालवत इथून तिथं जाता येतं का?

येतं. त्यासाठी प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पीपीएल लागतं. किमान वय १७, शिक्षण दहावी पास, डॉक्टरी तपासणी, लेखी परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना आणि किमान ४० तासांचं उड्डाण. या ४० तासांत किमान २० तास एकट्यानं उडवावं लागतं, आणि त्यातले किमान ५ तास 'क्रॉस-कंट्री'चे. हा परवाना मिळाला की विमान उडवता येतं, मित्रांना सोबत नेता येतं, फक्त त्याचे पैसे घेता येत नाहीत. पैसे घ्यायचे तर कमर्शियल परवाना हवा आणि त्याला २०० तास लागतात.

क्रॉस-कंट्री म्हणजे देश ओलांडणं नव्हे

नावावरून वाटतं तसं काश्मीर ते कन्याकुमारी काही नसतं. शिकाऊ पायलट सुरुवातीला आपल्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालतो. ती धावपट्टी नजरेआड करून दुसऱ्या विमानतळावर जायचं, उतरायचं, परत यायचं, हे झालं क्रॉस-कंट्री. पीपीएलसाठी यातलं एक उड्डाण किमान १५० सागरी मैलांचं असावं लागतं, आणि त्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून विमान पूर्ण थांबवावं लागतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानाचा वेगही याच हिशेबात, म्हणजे नॉटमध्ये मोजतात. या लेखात पुढे 'मैल' म्हणजे सागरी मैलच.

बेलपाड्यात राहणाऱ्याला हे घराजवळ शिकता येईल का? अवघड आहे. डोक्यावरचं आकाश मुंबई आणि नवी मुंबई या दोन मोठ्या विमानतळांच्या नियंत्रित हद्दीत येतं. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, त्यावरून विमान न्यायला बंदीच आहे. जुहूची धावपट्टी १९२८ पासूनची, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा. पण आज जुहूवर राज्य हेलिकॉप्टरचं आहे आणि क्लबचं विमान प्रशिक्षण धुळ्याला चालतं. राज्यातल्या बाकीच्या प्रशिक्षण संस्थाही शिरपूर, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी आहेत. कारण साधं आहे : तिथं आकाश मोकळं मिळतं.

म्हणून उदाहरणही धुळ्याचंच घेऊ. धुळे ते जळगाव ५० मैल, जळगाव ते छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ ६७ मैल, आणि तिथून परत धुळे ७३ मैल. एकूण १९० मैल, म्हणजे साधारण ३५२ किलोमीटर. एका सकाळीत होणारा त्रिकोण. विमान धरू चार सीटचं सेस्ना १७२, वेग १०५ नॉट.

आधी रेघ, मग वारा

पहिलं काम कागदावरचं. नकाशावर तिन्ही विमानतळ सरळ रेघांनी जोडायचे आणि उत्तरेपासून प्रत्येक रेघेचा कोन मोजायचा. धुळे–जळगाव ८७ अंश, म्हणजे जवळपास थेट पूर्व. जळगाव–चिकलठाणा १९१, दक्षिणेच्या जरा पश्चिमेला. परतीचा ३२९, वायव्येकडे. होकायंत्र खरी उत्तर दाखवत नाही, चुंबकीय उत्तर दाखवतं, त्यामुळे कोनात तेवढा फरक करावा लागतो. यात आपलं नशीब चांगलं आहे : महाराष्ट्रात हा फरक एक अंशाच्याही आत आहे. अमेरिकेत सिएटलकडे तो १५ अंशांच्या आसपास जातो, तिथं विसरून चालत नाही.

मग रेघेवर खुणा शोधायच्या. पहिल्या टप्प्यात काम सोपं आहे. सुरतहून नागपूर-कोलकात्याकडे जाणारा जुना सहा नंबरचा हायवे जवळजवळ सोबतच चालतो. पारोळा, मग एरंडोल, मग गिरणा नदी, की आलं जळगाव. डावीकडे दूर अमळनेर आणि सुरत–भुसावळ रेल्वे. परतीच्या टप्प्यातही कन्नड आणि चाळीसगाव ही गावं बरोबर रेघेखाली येतात, आणि निघाल्यावर डाव्या हाताला दौलताबाद आणि वेरूळ. प्रत्येक खुणेपुढे 'इथं किती वाजता पोचायचं' ती मिनिटं लिहिली जातात. खूण वेळेवर आली तर सगळं ठीक. पाच मिनिटं उलटूनही चाळीसगाव दिसलं नाही, तर काहीतरी चुकलंय हे तेव्हाच कळतं, इंधन संपत आल्यावर नाही.

जीपीएस असताना हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. जीपीएस वापरतातच. पण त्याच्या संकेतांत अडथळे आणणं आणि खोटे संकेत सोडणं हे प्रकार इतके वाढले की नोव्हेंबर २०२३ मध्ये डीजीसीएला त्यावर परिपत्रक काढावं लागलं. टॅबलेट उन्हात तापून बंद पडतो, ते वेगळंच. कागद बंद पडत नाही.

आता वारा. समजा त्या उंचीवर पश्चिमेकडून २० नॉटचा वारा आहे. जळगावला जाताना तो पाठीवर. १०५ चा वेग १२५ होतो आणि ५० मैल २४ मिनिटांत संपतात. खरी गंमत परतीला आहे. ३२९ अंशांच्या वाटेवर हा वारा डावीकडून तिरका येतो. पायलटनं विमानाचं नाक ३२९ वरच धरून ठेवलं तर विमान हळूहळू उजवीकडे सरकत जातं, साधारण १० अंशांनी. ७३ मैल संपेपर्यंत ते रेघेपासून १३ मैल, म्हणजे २४ किलोमीटर लांब गेलेलं असतं. खाली धुळे नसतं, अमळनेरच्या बाजूची शेतं असतात. पनवेलला जायला निघून डोंबिवलीत पोचण्यासारखं हे आहे.

म्हणून आधीच गणित करून नाक ३२० वर ठेवायचं, म्हणजे विमान तिरकं उडत सरळ जातं. या तिरकेपणात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात जमिनीवरचा वेग ९३ नॉटवर येतो आणि ४२ मिनिटांचा प्रवास ४७ मिनिटांचा होतो. पायलट लोकांचा एक तोंडी हिशेब आहे : ६० मैलांत एक अंश चुकला तर एक मैल चुकतो. विमानात बसून पटकन चूक मोजायला एवढं पुरतं.

मध्ये डोंगर आहे

धुळे-जळगाव हा तापीच्या खोऱ्यातला सखल भाग. जळगावचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फुटांवर आहे. चिकलठाणा सुमारे १,९०० फुटांवर. या दोघांच्या मध्ये अजिंठ्याची रांग आडवी पडलीये आणि तिचे माथे अडीच ते तीन हजार फुटांपर्यंत जातात. कन्नडचा घाट ज्यांनी बसनं उतरलाय त्यांना ही पायरी चांगली माहीत आहे.

उंची किती ठेवायची याचे संकेत ठरलेले आहेत. पूर्वेच्या अर्ध्या वर्तुळातल्या दिशांना जाणारी, डोळ्यांनी बघत उडणारी विमानं विषम हजार अधिक ५०० फुटांवर उडतात (३,५००, ५,५००), पश्चिमेकडची सम हजार अधिक ५०० वर. समोरासमोरच्या विमानांमध्ये अंतर राहावं म्हणून. आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याला ४,५०० किंवा ६,५०० निवडता येतं. ४,५०० वर माथ्यापासून दीड हजार फूट उरतात. चालतं, पण डोंगरावर उन्हाच्या वेळी हवा वर-खाली उसळते आणि इंजिन कुरकुरलं तर उतरायला सपाट जागा शोधायची असते. ६,५०० वर विचार करायला जास्त वेळ मिळतो. शहाणा माणूस तेच निवडेल.

उन्हाळ्यात यात आणखी एक भर. तापलेली हवा विरळ असते, पंखाला आणि पंख्याला धरायला कमी मिळते. चिकलठाण्याला पारा ४० अंशांवर असेल तर १,९०० फुटांवरची ती धावपट्टी विमानाला पाच हजार फुटांहून उंचावर असल्यासारखी वाटते. उड्डाणाला धावपट्टी जास्त लागते, चढण मंदावते. खान्देशात मे महिन्यात दुपारी छोटी विमानं उगाच जमिनीवर बसवत नाहीत.

पेट्रोलचा हिशेब

तिन्ही टप्पे मिळून २४, ४१ आणि ४७, म्हणजे ११२ मिनिटं. सेस्ना १७२ ताशी ३४ लिटरच्या आसपास इंधन खाते, म्हणजे प्रवासाला ६४ लिटर. तीनदा इंजिन चालू करून धावपट्टीपर्यंत जाणं आणि तीनदा चढणं यासाठी आणखी १०-१२. धुळ्याची धावपट्टी काही कारणानं बंद मिळाली तर २७-२८ मैलांवरच्या शिरपूरला जायला ९-१०. आणि सगळं संपल्यावरही ४५ मिनिटं उडता येईल इतकं राखीव, २५-२६ लिटर. बेरीज ११० च्या आसपास. टाक्यांत साधारण २०० लिटर मावतं, मग फुल्ल करून का निघू नये? एकटा असेल तर करावंच. पण २०० लिटर एव्हगॅसचं वजन १४४ किलो होतं, म्हणजे दोन माणसं. चार सीट आहेत म्हणून चार मित्र आणि फुल्ल टाकी, हे गणित या विमानात सहसा बसत नाही.

आणि वाटेत कुठंही भरू, असंही नसतं. मोठ्या विमानांना लागतं ते जेट इंधन. सेस्नाच्या पिस्टन इंजिनाला एव्हगॅस लागतं, आणि ते प्रत्येक विमानतळावर मिळत नाही. भारतात तर ते बनतही नव्हतं. इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली ती २०२२ मध्ये, तोवर बाहेरून मागवावं लागत होतं.

जे. आर. डी. टाटांची गोष्ट इथं आठवायला हवी. १० फेब्रुवारी १९२९ ला भारतातला पहिला पायलट परवाना त्यांना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते पुस मॉथ विमानात टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबले आणि जुहूला उतरले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते असं सांगतात. रेडिओ नव्हता, हवामानाचा अंदाज देणारं अॅप नव्हतं, पण इंधन कुठं मिळणार हे निघण्याआधीच ठरलेलं होतं. २०२१ मध्ये त्याच तारखेला मुंबईची वैमानिक आरोही पंडित हिनं भुज–अहमदाबाद–जुहू असं उड्डाण जीपीएसशिवाय करून त्या प्रवासाची आठवण जागवली. म्हणजे कागद आणि होकायंत्रावर हे आजही होतं.

परवानगी कुणाची?

अमेरिकेत चांगल्या हवेत खासगी पायलट फ्लाइट प्लॅन न भरताही बराच लांब जाऊ शकतो. आपल्याकडे तसं नाही. फ्लाइट प्लॅन निघण्याच्या किमान तासभर आधी भरायचा. त्यात विमानाची खूण, मार्ग, उंची, वेग, किती तासांचं इंधन, किती माणसं हे सगळं येतं. त्यावर हवाई दलाच्या यंत्रणेकडून एअर डिफेन्स क्लिअरन्सचा नंबर मिळतो. हा नंबर नसेल तर रडारवर दिसणारा तो ठिपका कुणाचा हे खालच्याला कळत नाही, आणि मग पुढचं प्रकरण वाढतं.

त्याच वेळी 'नोटॅम' वाचायचे. धावपट्टीचं काम चालू आहे, व्हीआयपी येतायत, कुठं गोळीबाराचा सराव आहे, अशा ताज्या सूचना त्यात असतात. राज्यात देवळालीला तोफखान्याचं सराव क्षेत्र आहे, अहिल्यानगरजवळ के. के. रेंज आहे. नकाशावर अशी क्षेत्रं बंदी, निर्बंध आणि धोका अशा तीन प्रकारांत आखलेली असतात. आपला त्रिकोण त्यांच्यापासून लांब आहे, पण ढग टाळायला पश्चिमेकडे वळलं तर किती वळता येईल हे आधी माहीत असलेलं बरं.

जायचं नाही, हे कधी ठरवायचं?

सगळ्या नियोजनाचा जीव खरं तर या प्रश्नात आहे. डोळ्यांनी बघत उडण्याचे नियम स्पष्ट आहेत. दहा हजार फुटांखाली किमान ५ किलोमीटर दिसलं पाहिजे, ढगांपासून आडवं दीड किलोमीटर आणि उभं हजार फूट अंतर ठेवलं पाहिजे, आणि सर्वसाधारणपणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत उडायचं. नियम पाठ करणं सोपं आहे. समोर ढग खाली येत असताना, दोन विमानतळ पूर्ण झालेले असताना, लॉगबुकात शेवटचा टप्पा भरायचा बाकी असताना मागे वळणं सोपं नसतं.

१९५४ मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. फक्त उपकरणं बघून उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान उडवायला दिलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. ढगात शिरल्यावर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटं सांगू लागते. विमान वळत खाली जात असतं आणि माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय. त्या प्रयोगाचा हेतू पुढचं शिकवणं हा होता : ढगात सापडलात तर ठरलेल्या पद्धतीनं शांतपणे १८० अंश वळा आणि आलात तिकडे परत जा. जॉन एफ. केनेडी ज्युनियर १६ जुलै १९९९ च्या रात्री धुरकट हवेत, समुद्रावर, असंच दिशाभान हरपून गेला. विमानात त्याची पत्नी आणि मेहुणीही होती. त्याच्याकडे खासगी परवाना होता, उपकरणांवर उडण्याचा नव्हता.

इकडेही अपघात झालेत. १६ जुलै २०२१ ला शिरपूरचं प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ कोसळलं. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकणारी तरुणी जखमी झाली. १८ मार्च २०२३ ला गोंदियाहून उडालेलं विमान शेजारच्या बालाघाटच्या डोंगरात पडलं, दोघेही गेले. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात आणि ती ठरवायचं काम तपास यंत्रणेचं. पण डोंगराजवळ छोट्या विमानाकडे चूक दुरुस्त करायला उंची आणि वेळ दोन्ही कमी असतात, हे दोन्हीकडे खरं आहे.

म्हणून परत फिरण्याची जागा जमिनीवर असतानाच नकाशावर पेनानं मारून ठेवतात. आपल्या दुसऱ्या टप्प्यात जळगावपासून साधारण २५ मैलांवर डोंगर सुरू होतो. खूण १५ मैलांवर मारायची, म्हणजे निघाल्यापासून नऊ-दहा मिनिटांनी. तिथं पोचल्यावर डोंगराच्या माथ्यांची कड आणि त्यावरचं आकाश वेगवेगळं दिसतंय का? दिसत असेल तर पुढे. माथे ढगात असतील तर जळगाव मागेच आहे, सपाट आहे, ओळखीचं आहे. 'अजून थोडं पुढे जाऊन बघू' हा पर्याय कागदावर ठेवायचाच नाही.

वेळेचंही तसंच. डिसेंबरात धुळ्याला सहाच्या आतच सूर्य मावळतो. चिकलठाण्याहून धुळे ४७ मिनिटं. म्हणजे पाचला निघालं तर कागदावर पोचता येतं, पण मोठ्या विमानांसाठी दहा मिनिटं थांबवलं आणि वारा जरा वाढला, की अंधार. त्यामुळे सव्वाचारच्या पुढे चाकं उचलायची नाहीत असं सकाळीच लिहून ठेवायचं. त्यानंतर उशीर झाला तर संभाजीनगरात लॉज बघायचा आणि घरी फोन करायचा. एप्रिल-मेमध्ये ही वेळ आणखी अलीकडे येते, कारण दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. वीज कडाडणाऱ्या ढगाखालून मार्ग काढणं हा छोट्या विमानाचा खेळ नाही. जून ते सप्टेंबर तर खुला दिवस मिळाला की उडायचं, नाहीतर वर्गात बसायचं.

राहतं शेवटचं काम, जे दमलेला पायलट हमखास विसरू शकतो. धुळ्यासारख्या लहान विमानतळावर उतरल्यावर 'पोचलो' हे कळवायचं असतं. विमान ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटांत पोचल्याची खबर नसेल, तर हवाई वाहतूक यंत्रणा त्याला अनिश्चित धरते आणि चौकशी सुरू होते. आधी वाटेतल्या विमानतळांना फोन, मग रेडिओवर हाका, आणि तरीही पत्ता लागला नाही तर प्रत्यक्ष शोध. पायलट तेव्हा कँटीनमध्ये चहा पीत असला तरी.